अठ्ठ्याहत्तर मिनिटं

आमच्या धंद्यात 'रूट कॉज' हा शब्द फार लाडका आहे. सर्व्हर पडला, क्लायंट ओरडला, की दुसऱ्या दिवशी मीटिंग. का पडला, कधी पडला, कोणामुळे पडला यावर दोन तास काथ्याकूट, आणि शेवटी एक्सेलच्या एका खान्यात एका ओळीचं कारण लिहून सगळे जेवायला मोकळे. तसं एका ओळीचं कारण मला एका विमान कंपनीने ईमेलने पाठवलं. ८ जुलै २०२४ ला माझं विमान मुंबईला साडेदहा तास उशिरा पोचलं, त्याचं कारण : 'खराब हवामान'.

आता हवामान खराब होतं यात वाद नाही. त्या पहाटे मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. पण नंतर बातम्यांमध्ये वाचलं की मुंबईची धावपट्टी बंद होती ती २ वाजून २२ मिनिटांपासून ३ वाजून ४० मिनिटांपर्यंत. म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिनिटं. मग उरलेले सव्वानऊ तास कुठे गेले? हा हिशोब बरेच दिवस डोक्यात आहे. आज शनिवार आहे, आगाशीत चक्क लाईट आहेत, तेव्हा बसलोच लिहायला.

तर झालं असं. मी तीन महिन्यांच्या ऑनसाईटवर युरोपात होतो. जूनमध्ये बाबांना वाडीत पंप चालू करायला गेल्यावर छातीत दुखलं. ईसीजी झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, आणि बोरिवलीच्या डॉक्टरांनी सोमवारी सकाळी नऊची अँजिओग्राफी ठरवली. "आत गेल्यावर काय दिसतं त्यावर ठरवू. स्टेंट घालून भागलं तर तिथेच घालू, नाहीतर बायपासचं बोलावं लागेल. घरातलं कोणीतरी निर्णय घेणारं बाहेर असू द्या." आमच्या घरात 'निर्णय घेणारं' म्हणून माझी नेमणूक झाली. का, तर मी इंजिनियर, आणि मला गुगल करता येतं. मॅनेजरने चार शब्द सुनावून का होईना, रजा दिली. रविवारी दुपारचं थेट विमान, सोमवारी पहाटे २:३५ ला मुंबई, तिथून टॅक्सीने फार तर पाचला बोरिवली. चार तासांचा बफर. इतका बफर मी आजवर कुठल्याच रिलीजला ठेवलेला नव्हता.

सव्वादोनला खुर्च्या सरळ करून झाल्या, खिडक्यांचे पडदे वर झाले आणि विमान वळायला लागलं. वळतंच राहिलं. समोरच्या स्क्रीनवरच्या नकाशात एक छोटं पांढरं विमान मुंबईच्या उत्तरेला गोल गोल फिरत होतं. त्या नकाशावर मुंबई, नाशिक आणि सुरत एवढीच नावं. पण किनाऱ्याची ती रेघ मला ओळखता येणार नाही होय? वैतरणेचं तोंड, अर्नाळा, खाली वसईची खाडी. म्हणजे मी जवळजवळ आमच्या घराच्या डोक्यावरून घिरट्या घालत होतो. खाली आजी झोपली असेल, पत्र्यावर पाऊस वाजत असेल, आणि वर मी, पस्तीस हजार रुपयांच्या तिकिटावर, तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय.

पाचेक प्रदक्षिणा झाल्यावर कॅप्टनने सांगितलं की आपण अहमदाबादला जातोय. विमानात एकदम कालवा झाला. मला मात्र त्या क्षणी राग आला नाही, कारण हा भाग अगदी पक्का बांधलेला असतो. लांबच्या विमानात इंधन भरताना मुक्कामापर्यंतचं तर भरतातच, शिवाय तिथे उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, आणि त्यावर आणखी निदान तीस मिनिटं हवेत थांबता येईल एवढं. त्या शेवटच्या तीस मिनिटांना हात लागणार असं दिसलं तर वैमानिकाला 'मेडे' म्हणावं लागतं. त्यामुळे घिरट्या घालायच्या त्या वरकड इंधनावर. ते संपत आलं की भावनेत न गुंतता नाक वळवायचं. आम्ही याला फेलओव्हर म्हणतो. मुख्य यंत्रणा पडली की भार आपोआप पर्यायी यंत्रणेवर जातो. त्या रात्री मुंबईची सत्तावीस विमानं अशी अहमदाबाद, हैदराबाद, इंदूरकडे गेली आणि एकालाही खरचटलं नाही. फेलओव्हर शंभर टक्के यशस्वी.

अडचण सुरू होते ती फेलबॅकला. परत मूळ जागी कसं यायचं, हे आमच्याकडेही कोणी नीट लिहून ठेवत नाही.

अहमदाबादला चाकं टेकली तेव्हा माझ्या घड्याळात तीन चाळीस झाले होते. म्हणजे नेमकी तेव्हाच मुंबईची धावपट्टी उघडली होती! हवामान नावाचं कारण तिथे संपलं. पुढचं सगळं रांगेचं.

पहिली रांग इंधनाची. आमच्या आधी आलेली विमानं उभी होती आणि इंधनाच्या गाड्या मोजक्याच, कारण पहाटे चारला एवढे पाहुणे येतील असा कुठलाच विमानतळ हिशोब करत नाही. ती रांग संपायला दीड तास. मग मुंबईत उतरायची वेळ मिळायची रांग. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्यावर पहाटेची नेहमीची गर्दी, आणि त्यात आम्ही तीन शहरांतून एकदम "आता आलो, आता आलो" म्हणणारे. आमच्या भाषेत याला 'थंडरिंग हर्ड' म्हणतात. सर्व्हर परत उठला रे उठला की ताटकळलेले सगळे क्लायंट एकदम तुटून पडतात आणि तो पुन्हा मान टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय म्हणून प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबायला लावतात. विमानांनाही तसंच लावतात. मला तत्त्व पूर्ण मान्य आहे, फक्त त्या उदाहरणात आपण 'क्लायंट' असलो की तत्त्व जरा टोचतं.

या दोन रांगांमध्ये साडेसहा वाजले, आणि तिसरी गोष्ट घडली जी खरं तर कोणालाही चारलाच दिसायला हवी होती. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले. हा नियमही योग्यच. रात्रभर जागलेल्या माणसाने माझं विमान मुसळधार पावसात मुंबईत उतरवावं असं मलाही वाटत नाही. पण या कंपनीचा अहमदाबादला दुसरा क्रू नव्हता. तो मुंबईहून यायचा होता. आणि तो कसा येणार? तर विमानाने. म्हणजे मुंबईहून विमान सुटत होतं, अहमदाबादला येत होतं, फक्त आम्ही सोडून सगळे हवेत!

माझ्या शेजारी नडियादचे एक काका-काकू होते. मुलाकडे चार महिने राहून परत चालले होते. नडियाद अहमदाबादपासून पन्नासेक किलोमीटर. म्हणजे त्यांचं घर इथेच होतं. त्यांचा मूळ बेत मुंबईला उतरून रात्रीच्या गाडीने नडियादला जायचा. काकांनी एअर होस्टेसला तीनदा विचारलं, "बेन, हमारा तो घर ही इधर है, हमको इधर उतार दो ना." तिने तीनदा गोड हसून नाही म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी मला विचारलं, "बेटा, तू इंजिनियर है, ये लोग क्यूं नहीं उतारते?"

याचं उत्तर मला माहीत होतं आणि ते सांगताना काकांचा आवाज बसला. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती विमानात चढली होती, तिचा मालक चढलाच नव्हता. तेव्हापासून जगभर हा नियम घट्ट झाला की माणूस नाही तर त्याची बॅगही नाही. म्हणजे काका-काकूंना उतरवायचं तर पोटातल्या अडीचशे माणसांच्या सामानातून त्यांच्या चार बॅगा हुडकून काढायच्या. शिवाय इमिग्रेशन, कस्टम्स. एकाला उतरवलं की चाळीस जण उभे राहणार, आणि त्या गडबडीत मुंबईची मिळालेली वेळ हातची जाणार. काका गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक है. नियम है तो नियम है." आणि काकूंनी ठेपल्यांचा डबा उघडला. विमानातलं खाणं पाचलाच संपलं होतं.

माझं दुखणं थोडं वेगळं. अहमदाबाद ते मुंबई हा रेल्वेमार्ग आमच्या विरारवरून जातो हो! सकाळची वंदे भारत बोरिवलीला थांबते. बोरिवली! जिथे बाबा ॲडमिट होते! आईचा साडेपाचला फोन आला तेव्हा ती हेच म्हणाली. "तू उतर ना तिथेच. स्टेशनवर जा. गाडीने सरळ बोरिवलीला ये. बसून काय राहिलायस?" तिला मी कनिष्कची गोष्ट सांगितली नाही. "आई, सोडत नाहीत" एवढंच म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "दार उघडं असेल तर बघ." विरार लोकलमध्ये आयुष्य काढलेल्या बाईचं विमानाबद्दलचं मत.

आणि या सगळ्यात दर थोड्या वेळाने घोषणा व्हायची. "आम्ही आपल्या सहनशीलतेबद्दल आभारी आहोत. साधारण अर्ध्या तासात अधिक माहिती देऊ." मी मोजलं, अकरा वेळा. उशिरापेक्षा मला या अर्ध्या तासाने जास्त छळलं, हे मी शपथेवर सांगतो. कारण अर्धा तास हा आकडा खोटा आहे हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं. तो आमच्या स्टेटस कॉलमधल्या 'नव्वद टक्के काम झालंय'चा सख्खा भाऊ. तुम्ही मला सांगा ना, इंधनाच्या रांगेत आपण सहावे आहोत, क्रू अजून मुंबईत आहे, त्यांचं विमान साडेआठला आहे. मग माझा मी हिशोब करीन, बाबांच्या डॉक्टरांना "थांबा" म्हणायचं की "थांबू नका" हे ठरवीन. अंदाज देऊ नका, रांग दाखवा. अर्ध्या तासाच्या आशेवर माणूस काहीच ठरवत नाही, नुसता मोबाईल हातात धरून बसतो. आणि माझ्या सीटचा यूएसबी पोर्ट बंद होता. असो.

पावणेआठला आम्हाला टर्मिनलमध्ये सोडलं. यासाठी आभार मानायचे तर जानेवारी २०२४ मधल्या त्या गोवा-दिल्ली विमानातल्या लोकांचे मानायला हवेत. दिल्लीच्या धुक्यामुळे त्यांचं विमान मुंबईला वळवलं, आणि ते कंटाळून थेट विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. व्हिडिओ देशभर फिरला, कंपनीला आणि विमानतळाला दंड झाला, आणि काही महिन्यांत सुरक्षा खात्याने सूचना काढली की फार उशीर झाला तर प्रवाशांना परत टर्मिनलमध्ये घेता येईल. अमेरिकेत हे २०१० पासून घड्याळाला बांधलेलं आहे. देशांतर्गत विमानात तीन तास झाले की उतरायची संधी द्यावीच लागते. आंतरराष्ट्रीय विमानांसाठी चार तासांची मर्यादा पुढच्या वर्षी आली. आमचे आत बसून चार तास पाच मिनिटं झाली होती.

टर्मिनलमध्ये प्लग पॉईंटपाशी जमिनीवर बसलो. बॅटरी नऊ टक्के. तिथे लोकांचे दोन गट पडले होते. एक काउंटरवर जाऊन ओरडणारा आणि दुसरा गूगलवर इतरांची दुःखं वाचणारा. मी दुसऱ्यात. दुसऱ्याचं दुःख वाचलं की बरं वाटतं हे कबूल करायला मला लाज नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियात मगदानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. गावात एवढ्या माणसांना पुरतील अशी हॉटेलं नाहीत, म्हणून लोक वसतिगृहात आणि शाळेत गाद्या टाकून झोपले, आणि त्यांना न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. (आणि आमच्यानंतरचं ऐका. एप्रिल २०२५ मध्ये लंडनहून मुंबईला येणारं एक विमान आजारी प्रवाशासाठी तुर्कस्तानात दियारबाकीरला उतरलं. उतरतानाच विमानात बिघाड झाला आणि अडीचशेवर माणसं तिथे चाळीस तासांहून जास्त अडकली.) पर्यायी विमानतळ निवडताना पुरेशी धावपट्टी, अग्निशमन, हवामान हे सगळं बघतात. तिथे अडीचशे माणसं झोपणार कुठे, हा प्रश्न बहुतेक वेळा चाकं टेकल्यावर पडतो.

नऊला बाबांना आत नेलं. चुलतभाऊ, म्हणजे दादा, मला व्हॉट्सॲपवर कळवत होता. मी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं की फोन लावा, मी उचलेन, मला सगळं दाखवा, मग ठरवू. आदल्या आठवड्यात मी स्टेंट विरुद्ध बायपास यावर चाळीस पानं वाचली होती. माझ्याकडे चक्क प्रश्नांची यादी तयार होती, अकरा प्रश्न. अकरा हा आकडा त्या दिवशी माझ्या मागेच लागला होता बहुतेक.

पावणेदहाला आमचं बोर्डिंग परत सुरू झाल्याची घोषणा झाली. लोक धावले. मी जमिनीवरच बसून राहिलो, चार्जर लावून. नऊ पन्नासला दादाचा मेसेज : 'दोन ब्लॉक. एक ९०%. डॉक्टर बाहेर येतायत.' मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, बिझी. काका लांबून हाका मारत होते, "बेटा, चलो, चलो!" तिसऱ्यांदा आईने उचलला.

"डॉक्टर म्हणतात दोन्ही नळ्या आत्ताच घालता येतील. बायपास नको."

"आई, थांब, डॉक्टरांना फोन दे. मला विचारायचंय की..."

"मी सही केली."

"केलीस? पण मी म्हटलं होतं ना..."

"अरे, त्यांना टेबलावर झोपवलंय. तू येईपर्यंत काय तसंच ठेवायचं? डॉक्टरांनी मला टीव्हीवर दाखवलं, कुठे अडकलंय ते. मला कळलं. केली सही." मग जरा थांबून, "तू काही खाल्लंस का?"

मी म्हटलं, ठेपले खाल्ले. आणि विमानात जाऊन बसलो. कितीतरी वेळ हात थरथरत होते. काकूंनी काही न विचारता पाण्याची बाटली दिली.

बोर्डिंग झाल्यावरही आम्ही पावणेदोन तास तसेच उभे होतो, कारण मुंबईची वेळ पुन्हा हुकली होती. बाराच्या आसपास उडालो आणि एक वाजून पाच मिनिटांनी उतरलो. तो पन्नासेक मिनिटांचा प्रवास अगदी सुरेख झाला. ढगांच्या फटीतून हिरवंगार काहीतरी दिसलं, आणि मी स्वतःला सांगितलं की ती आमचीच वाडी.

बोरिवलीला सव्वातीनला पोचलो. बाबा आयसीयूत जागे होते, मनगटाला पट्टी. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सामान आलं का सगळं?" आलं होतं. आई बाहेर बाकावर बसून कोणा दुसऱ्याच पेशंटच्या बायकोला फॉर्म कुठे भरायचा ते समजावत होती.

नंतर मी कंपनीला सविस्तर मेल लिहिला. युरोपातून सुटणाऱ्या विमानांना तिथला नुकसानभरपाईचा कायदा लागू होतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. 'असाधारण परिस्थिती' असेल तर मात्र पैसे नाहीत, आणि हवामान त्यात बसतं. मी मिनिटांचा तक्ता जोडला : हवामान ७८, इंधन ९०, क्रू इतका, स्लॉट इतका. एवढा स्वच्छ रूट कॉज ॲनालिसिस मी ऑफिसातही कधी केलेला नाही. उत्तर आलं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. पुढे भांडलो नाही. कारण तक्ता परत परत बघताना एक गोष्ट दिसत होती : त्यात 'चूक' असा एकही रकाना भरता येत नव्हता. प्रत्येक ओळीतला नियम मी स्वतः लिहिला असता तरी तसाच लिहिला असता. माझा राग शेवटी फक्त त्या अकरा अर्ध्या तासांवर उरला, आणि त्याचे पैसे कुठल्याच कायद्यात मिळत नाहीत.

काका-काकू दुसऱ्या दिवशी सकाळी नडियादला पोचले. त्यांचा ठेपल्यांचा स्टीलचा डबा गडबडीत माझ्याच बॅगेत राहिला होता. काकांनी फोनवर सांगितलं, राहू दे. पण आमच्याकडे कोणाचा डबा ठेवत नाहीत आणि रिकामा तर मुळीच परत पाठवत नाहीत. आगाशीत आता सुकेळी करणारी घरं मोजकीच उरलीत, राजेळी केळीही पूर्वीसारखी नाहीत. आईने उन्हाळ्यापर्यंत थांबायला लावलं, ओळखीच्या घरून ताजी सुकेळी आणली, डबा भरला आणि मी विरार स्टेशनजवळच्या कुरिअरवाल्याकडे दिला. त्याने पावतीवर लिहिलं, तीन दिवस. पाचव्या दिवशी पोचला.